माहिती कुणाच्या घरी असते?

जून महिन्यात तालुक्याच्या गावी कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहावे. कॉलेजच्या कार्यालयात खिडकीआडून तुटकपणे मिळणारी माहिती इथे नीट मिळते. कुठला दाखला सेतू केंद्रातून काढायचा, गॅप असेल तर काय जोडायचे, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसेल तर शिष्यवृत्ती कशी अडकते, हे सगळे दुकानदार पाने मोजता मोजता सांगतो. तो स्वतः कॉलेजात गेलेला असेलच असे नाही. पण दरवर्षी शेकडो मुलांच्या चुका त्याच्या मशीनच्या काचेवरून गेलेल्या असतात.

तीन वर्षांनी याच मुलांना विचारावे, की आधी काय कळले असते तर बरे झाले असते? निरोप समारंभाच्या व्यासपीठावर विचारले तर ‘वेळेचे नियोजन’, ‘आत्मविश्वास’ असले निबंधातले शब्द येतात. कँटीनमध्ये विचारले की उत्तरे रोकडी होतात. फॉर्मची तारीख चुकली. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते हे ठाऊक नव्हते. मायनर विषय मित्राने घेतला म्हणून घेतला. लायब्ररीत संदर्भ विभाग आहे हे शेवटच्या वर्षी कळले. सरांना वर्गाबाहेर भेटून काही विचारता येते, असे कधी वाटलेच नाही.

या उत्तरांत शहाणपणाचा भाग थोडा आणि साध्या माहितीचा भाग मोठा आहे. शिवाय ही माहिती त्याच वर्गातल्या काही मुलांकडे पहिल्या दिवसापासून होती. ज्याचा काका प्राध्यापक, जिची मोठी बहीण आधी इंजिनिअर झाली, त्यांना ती जेवता जेवता मिळाली. ज्यांच्या घरातून कॉलेजात जाणारे तेच पहिले, त्यांना तिच्यासाठी एखादी एटीकेटी, एखादी बुडालेली शिष्यवृत्ती किंवा अख्खे वर्ष मोजावे लागले.

कागदांपासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी पुरावा किती जुना हवा, याच्या तारखा ठरलेल्या आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीला आजोबांच्या, कधी पणजोबांच्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरातला उतारा मिळवावा लागतो. शाळा बंद पडलेली असते, रजिस्टराला वाळवी लागलेली असते, किंवा पणजोबा शाळेत गेलेलेच नसतात. हे काम चार दिवसांत उरकणारे नाही. बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत प्रस्ताव दाखल करता येतो. ज्या घरात थोरल्या भावाची फाइल एकदा फिरून आली आहे, त्या घराला हे माहीत असते. ज्या घरातली ही पहिलीच फाइल, तिथे प्रवेश फेरीच्या तोंडावर धावाधाव होते आणि मिळालेली जागा टिकेल की नाही याचा घोर लागतो.

पैशाचेही तेच. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. योजना कागदावर पुष्कळ आहेत. परंतु प्रत्येकीचा अर्ज, तारीख आणि दाखल्यांची यादी निराळी, आणि तारीख उलटून गेल्यावर हक्क असून नसल्यासारखा.

नियमांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. कागद निदान मागितले तरी जातात. नियमातले हक्क आपल्याला आहेत, हे कुणी आपणहून सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११मध्ये निकाल दिला, की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते. विद्यापीठांच्या स्वतःच्या फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाच्या सोयीही आहेत, त्यांची मुदत मात्र निकालानंतर मोजक्या दिवसांत संपते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये संस्थांना बजावले, की विद्यार्थ्यांच्या मूळ गुणपत्रिका तपासून परत द्यायच्या, अडकवून ठेवायच्या नाहीत. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९मध्येच केला. तरीही नापासाचा शेरा पाहून ‘आपणच कमी पडलो’ असे मानून गप्प बसणारा मुलगा आणि दुसऱ्याच दिवशी फोटोकॉपीचा अर्ज टाकणारा मुलगा यांच्या गुणांत फरक असतोच असे नाही. कार्यालयात अर्ज टाकता येतो हे दुसऱ्याने घरी पाहिलेले असते, एवढाच फरक.

तिसरी गोष्ट कुठल्याच नियमपुस्तकात सापडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात व्याख्यान समजत नाही, तेव्हा आपल्याला विषयच जमत नाही असे तो धरून चालतो. वास्तविक अडलेली असते ती परिभाषा, आणि नेटाने बसले तर ती काही महिन्यांत अंगवळणी पडते. हे त्याला मागच्या वर्षी त्याच बाकावर बसून गेलेला मुलगा सांगू शकतो. व्हायव्हाला ‘माहीत नाही, पण असे असावे’ म्हटलेले चालते, शिफारसपत्र आयत्या वेळी नव्हे तर महिनाभर आधी मागायचे असते, इंटर्नशिपसाठी अनोळखी माणसाला पत्र लिहिणे हा आगाऊपणा नाही, या गोष्टी सुशिक्षित घरातल्या मुलाला कुणी मुद्दाम शिकवलेल्या नसतात. त्या त्याच्या अंगावरच्या शर्टासारख्या असतात.

पिएर बूर्द्यू आणि झाँ-क्लोद पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी १९६४मध्ये फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांवर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘वारसदार’. बोलण्याची ढब, वाचनाची सवय, संस्थेत वावरण्याची सहजता हे सगळे घरातून येते, विद्यापीठ मात्र त्याला अंगभूत हुशारी समजून गुण देते, असे त्यांचे म्हणणे. फ्रान्समध्ये जात नव्हती. आपल्याकडे या वारशाला जातीची आणि गावाची जोड आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट पुस्तकाशिवायही कळली होती. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालवायला घेतले आणि १९४७मध्ये तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ या पायावर उभे केले. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ आणि औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले. वसतिगृहाची आठवण आपण सहसा भाकरी आणि छपराच्या भाषेत काढतो. पण पुढच्या खोलीतला थोरला मुलगा धाकट्याला फॉर्म भरून देत असे, कुठल्या मास्तरांकडे जायचे ते सांगत असे, जुनी पुस्तके हातात देत असे. घरून न मिळालेला वारसा मिळण्याची ती जागा होती. आज मुले कॉट बेसिसवर खोली घेतात, शेजारी राहणारा वेगळ्या कॉलेजचा असतो, आणि ही साखळी तुटते.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की ठेच लागल्याशिवाय माणूस शिकत नाही, सगळेच हातात दिले तर मुले पांगळी होतील. ठेचेबद्दल तक्रार नाही, पण तिची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. बापाच्या पगारावर एक वर्ष ‘ड्रॉप’ घेता येतो. बापाच्या दोन एकरांवर तेच वर्ष गेले, तर मुलीचे लग्न ठरते आणि मुलगा कामाला लागतो. दुसरा आक्षेप, की आता सगळे मोबाइलवर आहे. आहे खरे. पण शोधायला आधी शब्द माहीत असावा लागतो. पुनर्मूल्यांकन नावाची काही गोष्ट असते हे ज्याने ऐकलेच नाही, तो काय शोधणार?

नव्या शैक्षणिक धोरणाने अशा माहितीची निकड वाढवली आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवी रचना लागू झाली. आता मेजर, मायनर, खुले ऐच्छिक, कौशल्यविषय अशी निवड अठराव्या वर्षी करायची आहे. श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचा कौशल्यअभ्यास किंवा इंटर्नशिप पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, आणि त्याला तीन वर्षांच्या आत परतही येता येते. घरच्या अडचणीने पहिल्या वर्षानंतर गेलेल्या मुलीसाठी ही चांगली तरतूद आहे. मात्र ती आधी कळली नाही, तर ते चार श्रेयांक तिच्याकडे नसतात, आणि तिच्या लेखी कॉलेज सुटलेले असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची मार्गदर्शिका काढली. अनेक ठिकाणी त्याचे रूप ठरून गेले आहे : दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, संस्थेचा इतिहास, मोठी स्वप्ने पाहा असा उपदेश आणि अल्पोपाहार. त्याऐवजी पहिल्या सत्रात आठवड्याला एक तास लावावा. त्यात शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी येऊन आपण कुठे चुकलो ते सांगावे, ग्रंथपालाने मुलांना कपाटांमधून फिरवावे, कार्यालयातल्या लिपिकाने वर्षभराच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात, आणि प्रत्येक वीस मुलांमागे एका शिक्षकाचे नाव ठरलेले असावे.

यात खर्चाचा प्रश्न एकाच जागी येतो. राज्यातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या पुष्कळ जागा रिकाम्या आहेत आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. मुलाशी व्हरांड्यात अर्धा तास बोलले तर त्याचे काही मिळत नाही, आणि पुढचा तास गाठायला दुसऱ्या कॉलेजात जायचे असते. तेव्हा हा आठवड्याचा एक तास वेळापत्रकात छापला जावा, कार्यभारात मोजला जावा आणि त्याचे मानधन दिले जावे.