आकाशाचं दार



१८९४ या एकाच सालात जन्मलेल्या तिघांची आज गोष्ट सांगतो. विल्यम बार्कर हा कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताचा, शेतकऱ्याघरचा. हरदितसिंग मलिक रावळपिंडीचे. आणि श्रीकृष्ण वेलिणकर आपल्या मुंबईचे. पहिल्या महायुद्धात तिघांनीही लढाऊ विमानं चालवली. त्या काळची ती विमानं लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेली असत, आणि ब्रिटिश वैमानिकाला पॅराशूटही नसे. पेटलं तर पेटलं.

बार्कर आधी खंदकात मशीनगन चालवायचा. मग विमानात निरीक्षक झाला, १९१७ मध्ये वैमानिक झाला. पुढं त्याच्या नावावर पन्नास हवाई विजय जमा झाले. २७ ऑक्टोबर १९१८ ला तो एकटाच जर्मन विमानांच्या झुंडीत सापडला. दोन्ही मांड्यांत गोळ्या घुसल्या, कोपर फुटलं, मध्येच शुद्ध हरपली, तरी लढत लढत तो आपल्या हद्दीत येऊन कोसळला आणि वाचला. त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅनडाच्या सैन्यात इतकी शौर्यपदकं दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत.

पण मला त्याचा आदल्या वर्षीचा ऑक्टोबर जास्त महत्त्वाचा वाटतो. बेल्जियमच्या आघाडीवर हवा खराब होती, ढग खाली आले होते. अशा दिवशी बार्कर शत्रूच्या विमानतळांवर हल्ला करायला निघाला, आणि सोबत घेतलं मलिकांना, म्हणजे पगडीवर बसेल असं खास हेल्मेट शिवून घेतलेल्या शीख तरुणाला. जर्मन विमानांनी गाठलं. मलिकांच्या पायात गोळ्या लागल्या, विमानाची चाळणी झाली. ते कसेबसे आपल्या बाजूला उतरले.

इथं जरा थांबू या. याच मलिकांना काही महिन्यांपूर्वी वैमानिक व्हायचं होतं, तेव्हा वशिला लावावा लागला होता. राजाचं कमिशन, म्हणजे सैन्यातलं अधिकारपद, युरोपीय वंशाच्या माणसालाच, असा दंडक होता. ऑक्सफर्डला शिकलेला हा माणूस फ्रेंचांच्या रेडक्रॉससाठी रुग्णगाडी चालवत होता. शेवटी त्यांच्या प्राध्यापकानं एका जनरलला पत्र लिहिलं, तेव्हा कुठं दार किलकिलं झालं. कचेरीत वंश विचारला गेला. बार्करला मात्र बाजूच्या विमानातला माणूस कामाचा आहे का, एवढंच पाहायचं होतं. आता बार्कर काही समाजसुधारक नव्हता. पण जिवावरच्या कामात माणूस कामाचाच माणूस शोधतो, मग त्याला बाकीचं दिसत नाही. हे गावच्या बांधीवर रोवणीच्या दिवसांतही कळतं.

वेलिणकरांनाही ते दार सहज उघडलं नाही. त्यांना २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे विमान मिळालं. त्यात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्याही वर निघतं. नजर चहूकडे फिरते, पण उतरताना विमान उलटलं तर आधी डोकंच जमिनीवर. २७ जून १९१८ ला ते गस्तीवर गेले ते परतले नाहीत. तीन दिवसांनी जर्मनांच्या कैदेत त्यांनी प्राण सोडला. फ्रान्समधल्या हाँगार गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. पदक नाही, पाडलेल्या विमानांची मोठी यादी नाही, म्हणून शाळेच्या पुस्तकात नावही नाही. मराठी माणूस १९१८ मध्ये लढाऊ विमान चालवत होता, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतं?

मलिक मात्र जगले. १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचे कॅनडातले पहिले उच्चायुक्त म्हणून ते ओटावाला गेले. बार्कर तोवर हयात नव्हता. १९३० मध्ये त्याच ओटावात विमान कोसळून तो गेला होता.

त्याच १९४७ साली, पूर्वी कॅनडाच्या वायुदलात असलेल्या केन पॅट्रिक नावाच्या माणसानं सीएई ही कंपनी काढली. त्या वायुदलाच्या सुरुवातीच्या दिवसांत काही काळ धुरा बार्करनंच सांभाळली होती. आणि सीएई म्हणजे आपल्या कामठ्याजवळच्या बिरसीला भारतीय विमानतळ प्राधिकरणाबरोबर वैमानिक घडवणारी कंपनी. बिरसीची धावपट्टीही युद्धाचीच, १९४० मध्ये इंग्रजांनी बांधलेली. आज तिथं देशभरातली मुलं-मुली विमान चालवायला शिकतात. वंश कुणी विचारत नाही.

फीचं मात्र विचारतात. ती लाखांत असते. धान विकून घर चालवणाऱ्या बापाला मुलीच्या तोंडून ‘मला पायलट व्हायचंय’ ऐकलं की आधी हिशेब आठवतो. मलिकांसाठी एका प्राध्यापकानं पत्र लिहिलं होतं. आपल्या तालुक्यातल्या अशा एखाद्या मुलीसाठी ते पत्र कोण लिहील? शिष्यवृत्तीच्या, शिक्षणकर्जाच्या अर्जावर तिच्यासोबत बसणारा एखादा गुरुजी, एखादी बाई, बँकेतला एखादा साहेब आज ऐकत असेल, तर हे बोलणं त्यांच्यासाठीच आहे.