उजामा नेमकी कधी मोडली?

टांझानियातल्या न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातून मसाई कुटुंबांना 2022 पासून शेकडो किलोमीटर दूर, हांदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी हलवले जात आहे. स्थलांतर ऐच्छिक आहे, नव्या गावात घर, शाळा आणि पाणी मिळते, असे सरकार सांगते. मूळ ठिकाणच्या शाळा-दवाखान्यांचा निधी आटवून आपल्याला निघायला भाग पाडले जाते, असे मसाई सांगतात. लोकांना एका जागी आणल्याशिवाय त्यांचा विकास करता येत नाही, हा युक्तिवाद त्या देशात जुना आहे आणि त्याला आजही पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या वारशाचा आधार दिला जातो. समाजवाद आणि स्वावलंबन हे धोरण राज्यघटनेच्या नवव्या कलमात अजून नोंदलेले आहे. दुसरीकडे, बाजारपेठेचे समर्थक ‘उजामा’ हे न्येरेरेंच्या या धोरणाचे नाव समाजवादाच्या अपयशाचा पुरावा म्हणून वापरतात. दोन्ही पक्ष तिची कथा 1973 च्या सक्तीच्या स्थलांतरापासून वाचतात. खरा निर्णय त्याआधी चार वर्षे झाला होता.

या कल्पनेचा आरंभ सर्वपरिचित आहे. टांगानिका, म्हणजे पुढचा टांझानिया, डिसेंबर 1961 मध्ये स्वतंत्र झाला आणि 1962 मध्ये न्येरेरेंनी आफ्रिकी समाजवादाची मांडणी एका छोट्या पुस्तिकेत केली. एकत्र कुटुंबातली वाटणी आणि कष्टाची सक्ती या दोन गोष्टी त्यांनी राष्ट्राच्या पातळीवर नेल्या. पूर्वीचे आफ्रिकी समाज इतके समतेचे नव्हते, ही टीका रास्त आहे. पण पुढे जे घडले त्याचे कारण त्या पुस्तिकेत सापडत नाही.

ते शोधायचे तर त्याच काळातली सरकारी योजना पाहावी लागते. जागतिक बँकेच्या 1961 च्या अहवालाने विखुरलेल्या शेतकऱ्यांना नियोजित वसाहतींत आणून, यंत्रे आणि देखरेख पुरवून शेती सुधारण्याची शिफारस केली होती. त्यामागे वसाहतकाळातली जुनी धारणा होती: शेतकऱ्याला काही कळत नाही, त्याला शिस्त लावावी लागते. ब्रिटिशांची कोंग्वाची भुईमूग योजना याच धारणेवर उभी राहिली आणि कोसळली. नव्या वसाहतीही महाग पडल्या, कर्जात बुडाल्या आणि 1966 मध्ये हा मार्ग सोडण्यात आला. माणसे हलवून विकास करण्याचा आराखडा तेव्हा समाजवादाने जन्माला घातलेला नव्हता. समाजवादाने तो नंतर उसना घेतला.

समाजवाद आणि स्वावलंबन हे धोरण जाहीर करणारा 5 फेब्रुवारी 1967 चा अरुशा जाहीरनामा, बँकांचे राष्ट्रीयीकरण, पुढाऱ्यांना शेअर, दुसरा पगार आणि भाड्याची घरे यांना मनाई करणारी आचारसंहिता, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला ग्रामविकासावरचा निबंध मात्र नीट वाचला जात नाही. उजामा गावे लोकांनी स्वतः उभारायची, कोणावरही जबरदस्ती करायची नाही आणि उत्पन्नाचे काय करायचे ते गावानेच ठरवायचे, असे न्येरेरेंनी त्यात स्पष्ट मांडले. हे स्वप्नरंजन नव्हते. असे काम देशाच्या दक्षिण टोकाला आधीच चालू होते.

सोंगिया परिसरातल्या लितोवा येथे न्येरेरेंच्या सत्ताधारी ‘टानू’ पक्षाच्या युवक शाखेतल्या काही तरुणांनी 1960 च्या सुमारास एकत्र शेती सुरू केली. न्तिंबांजायो मिलिंगा त्यांचे प्रमुख संघटक होते आणि राल्फ इबट हे इंग्रज सल्लागार सोबत राहत. सुरुवातीची वर्षे उपासमारीची होती, अनेकजण सोडून गेले. जे टिकले त्यांनी सभा घेऊन कामाची वाटणी ठरवली, गावाच्या गरजांवर आधारलेली शाळा काढली आणि शेजारच्या गावांना शिकवायला आपलीच माणसे पाठवली. 1969 पर्यंत सुमारे 17 गावे त्यांच्या रुवुमा विकास संघात आली. न्येरेरेंना या कामाचे कौतुक होते आणि त्यांच्या 1967 च्या मांडणीवर त्याची छाप दिसते.

24 सप्टेंबर 1969 रोजी टानूच्या मध्यवर्ती समितीने हा संघ बेकायदा ठरवला. त्याची मालमत्ता ताब्यात घेतली गेली, शिक्षकांना दूरदूर पाठवले गेले. पुढे उजामा गावे उभारण्याचे काम एकट्या पक्षाचे राहणार होते. पक्षाध्यक्ष न्येरेरेच होते आणि त्यांनी हा निर्णय स्वीकारला.

न्येरेरेंचे चाहते याला प्रादेशिक अधिकाऱ्यांचा मत्सर म्हणतात. मत्सर होताच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. 1965 पासून देशाच्या मुख्य भूमीवर टानू हा एकच पक्ष कायदेशीर होता. स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, पुढाऱ्यांना प्रश्न विचारणारी शेतकऱ्यांची संघटना अशा व्यवस्थेत बसत नव्हती, मग ती पक्षाच्याच ध्येयासाठी का झटत असेना. तिला जागा देण्यासाठी सत्तेचा एक भाग सोडावा लागला असता. तो सोडला गेला नाही, आणि गावोगावी पटवून सांगणारी, स्वतः करून दाखवणारी माणसे देशाने त्याच दिवशी गमावली. ध्येय तेवढे उरले. ते गाठण्याचे साधन म्हणून हाती राहिली ती प्रशासनयंत्रणा, आणि तिला आदेश देणे एवढेच येत होते.

त्यानंतरचा क्रम झपाट्याचा आहे. लोकांना गावांत हलवायला रुफिजीत पुराचे निमित्त झाले, दोदोमात दुष्काळाचे. इसिमानीत 1971 च्या नाताळाच्या दिवशी एका शेतकऱ्याने प्रादेशिक आयुक्त विल्बर्ट क्लेरू यांना गोळी घातली. 1972 मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदा रद्द होऊन अधिकार प्रादेशिक अधिकाऱ्यांकडे गेले, आणि याला विकेंद्रीकरण म्हटले गेले. 6 नोव्हेंबर 1973 रोजी न्येरेरेंनी गावात राहणे हा आदेश असल्याचे सांगितले आणि 1976 अखेरची मुदत घातली. तोवर उजामा गावांत सुमारे 20 लाख लोक होते. सरकारी आकड्यांनुसार 1977 मध्ये ते 1 कोटी 30 लाख झाले. काही ठिकाणी घरे जाळून लोकांना बाहेर काढले गेले.

या नव्या गावांत सामूहिक शेती जवळपास नव्हतीच. बहुतेकांनी आपापले तुकडे कसले, तेही घरापासून दूरचे. म्हणून 1970 च्या दशकातल्या अन्नटंचाईवरून सामूहिक शेतीचे अपयश सिद्ध होत नाही. टंचाईला 1973 ते 1975 चा दुष्काळ आणि तेलाची दरवाढही कारण होती, पण ऐन पेरणीच्या हंगामात माणसे हलवणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. जागतिक बँकेने याच काळात टांझानियाला सढळ हाताने कर्ज दिले, हे बाजारपेठेच्या समर्थकांनी विसरू नये.

1976 मध्ये सहकारी संघही बरखास्त झाले, त्यात 1933 पासूनचा किलिमांजारोच्या कॉफी उत्पादकांचा संघ होता. अनेक संघांत भ्रष्टाचार होता हे खरे. त्यांच्या जागी आलेल्या सरकारी पीक मंडळांनी पैसे उशिरा आणि कमी दिले, आणि शेतकऱ्यांनी माल चोरट्या बाजाराकडे वळवला. युगांडाशी झालेल्या 1978-79 च्या युद्धाने उरलेली गंगाजळी संपवली. न्येरेरे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींना नकार देत राहिले आणि 1985 मध्ये स्वेच्छेने पायउतार झाले. त्यांच्यानंतर आलेल्या अली हसन म्विन्यी यांच्या सरकारने 1986 मध्ये नाणेनिधीशी करार केला, तर 1991 मध्ये झांझिबारच्या ठरावाने पुढाऱ्यांवरची बंधने सैल झाली. शाळा आणि साक्षरतेची कमाई या पडझडीतही खरी होती, तिचा पाया उजामाच्या वर्षांत घातला गेला.

सक्तीने वसवलेल्या गावांना 1975 च्या कायद्याने कायदेशीर अस्तित्व मिळाले होते. 1999 च्या ग्रामजमीन कायद्याने गावाच्या जमिनीचा कारभार ग्रामपरिषदेकडे दिला, आणि जमिनीच्या वाटपासाठी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली. मात्र देशातली सर्व जमीन सार्वजनिक असून राष्ट्राध्यक्ष तिचे विश्वस्त आहेत, आणि सार्वजनिक हितासाठी गावाची जमीन दुसऱ्या वर्गात टाकण्याचा अधिकार त्यांच्याकडे कायम आहे.