रविवारची बेगमी

संध्याकाळी पाच वाजता शाळेतून आलेलं मूल दप्तर टाकतं आणि थेट स्वयंपाकघरात शिरतं. त्या घटकेला हाताशी जे लागेल ते खातं. बिस्किटांचा पुडा असेल तर पुडा, डब्यात नाचणीचा लाडू असेल तर लाडू. पौष्टिक आहारावर आपण त्याला कितीही ऐकवलेलं असलं, तरी भुकेच्या वेळी तयार काय आहे यावरच सगळं ठरतं. आणि बिस्किटांचा पुडा म्हणजे तरी काय? कुणीतरी आधीच करून ठेवलेला खाऊच की. फक्त तो कारखान्यात झालेला असतो, बहुतेक वेळा मैदा, साखर आणि पामतेलाचा. म्हणजे आगाऊ तयारी होतच असते. ती घरात व्हायची की बाहेर, एवढंच आपल्या हातात आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात, असं त्यांत सांगितलं आहे. हिशेब मांडून बघा. चार मोठी माणसं असलेल्या घरात दिवसाला दीड किलोहून जास्त, आठवड्याला अकरा किलो! आपण चौघांत अर्धा किलो गवार घेतो आणि ती पुरते. याचं कारण दर वेळी भाव किंवा आवडनिवड नसते. सकाळी सहा वाजता गवार मोडायला आणि मेथी निवडायला सवड कुणाला आहे? म्हणून बटाटा. डब्यात तो पुन्हा पुन्हा येतो, तो चवीसाठी कमी आणि निवडावा लागत नाही म्हणून जास्त.

तसं पाहिलं तर आगाऊ करून ठेवण्यात मराठी स्वयंपाकघर कधीच मागे नव्हतं. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, डांगराचं पीठ, मराठवाड्यातलं येसर, जवसाची नि कारळ्याची चटणी, सांडगे, कुरडया. या यादीतलं सगळं कोरडं आहे. भाजलेलं किंवा वाळवलेलं. पाण्याचा अंश गेला की बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला वाव राहत नाही. फ्रिज आला तसं आपण ओलंही साठवायला लागलो. उसळी, ग्रेव्ह्या, भात. मोबाइलवरच्या व्हिडिओंत तर रविवारीच शुक्रवारपर्यंतचे डबे ओळीने भरून ठेवलेले दिसतात. मला ते पटत नाही. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावं, तेही आतलं तापमान पाच अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर. जिथे तासन् तास वीज जाते, तिथे तेवढाही भरवसा नाही. शिवाय रविवारची भोपळ्याची भाजी गुरुवारी पानात वाढली, तर आपल्या घरांतून काय ऐकावं लागेल हे सांगायला नकोच.

भाताचं प्रकरण जरा जपून हाताळायचं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजतानाही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यांतून जिवाणू निपजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करणारं हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्री उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात करायचा, हा आपला लाडका नाश्ता. माझाही. तो सोडायचं कारण नाही. उरलेला भात पसरट ताटात काढून निववावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी चांगली वाफ आणून संपवावा. आठवड्याचा भात मात्र करून ठेवू नये. कुकर लावायला असा किती वेळ लागतो?

मग रविवारी करायचं काय? मी म्हणेन, स्वयंपाक नकोच. स्वयंपाकाच्या अलीकडचं सगळं करावं. शनिवारी रात्री मटकी नि मूग भिजत घातले, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधले, की सोमवारी मोड तयार. हवा गार असली तर एखादा दिवस जास्त. मोड आले की क जीवनसत्त्व वाढतं, आणि अन्नातलं लोह अंगी लागण्याच्या आड येणारं फायटिक आम्ल कमी होतं. फ्रिजमध्ये हे मोड दोन-तीन दिवस राहतात. एकदा उसळ, एकदा मुगाची धिरडी. आलं-लसूण-मिरचीचं वाटण, दाण्याचं कूट, खवलेला नारळ एवढं तयार असलं की सकाळची निम्मी धावपळ कमी. गवार, घेवडा मोडून डब्यात भरावा. मेथी-कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळावी. चिरायची मात्र ऐन वेळी, कारण चिरून ठेवलेल्या पाल्यातलं क जीवनसत्त्व कमी होत जातं. कणीक आदल्या रात्री मळून ठेवली तर चालते, त्याहून जास्त राहिली की काळपट पडते. आणि पाच वाजताच्या भुकेसाठी भाजलेले चणे-शेंगदाणे, पातळ पोह्यांचा चिवडा, नाचणीचे लाडू आणि डोळ्यांसमोर टोपलीत केळी, पेरू. राजगिऱ्याची वडी विकत आणली तरी काही बिघडत नाही. सगळं घरचंच हवं असा हट्ट धरला, की दुसऱ्या रविवारी सगळंच बंद पडतं.

आता हे करायचं कुणी? केंद्र सरकारच्या २०२४ च्या सर्वेक्षणानुसार, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं त्यांत जातात. ही कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. नोकरी करणाऱ्या बाईला आठवड्यातून रविवार मिळतो. त्यातले चार तास ओट्यापाशी उभं राहून तिने सोमवार ते शनिवारची तयारी उरकली, तर काम कमी झालं नाही, सुटी तेवढी गेली. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, हे एकटीचं काम कधीच नव्हतं. शेजारणी मदतीला यायच्या, पोरं पापडाच्या लाट्या खात वाळवणाची राखण करायची. पुरुष तेव्हाही तिथे फारसे दिसत नसत. जुन्या काळाचं कौतुक करताना तेवढं विसरू नये.

हातांइतकंच डोकंही या कामात शिणतं. ‘उद्या डब्याला काय?’ हा प्रश्न रोज रात्री घरातल्या एकाच माणसाला पडतो. तो त्याने मोठ्याने विचारला तर उत्तर येतं, ‘काहीही चालेल.’ काहीही नावाची भाजी कुठल्याच मंडईत मिळत नाही. शिवाय ‘काहीही’ म्हणणाराच दुसऱ्या दिवशी डबा अर्धा परत आणतो.

म्हणून येत्या रविवारी सकाळच्या चहाबरोबर एक कागद घ्या. त्यावर आठवड्याचे वार लिहा आणि घरातल्या प्रत्येकाकडून निदान एकेक भाजी वदवून घ्या. ज्याने जी सांगितली, ती त्यानेच निवडायची. पाच-सहा वर्षांचं मूलही मटार सोलू शकतं. लसूण बाबांनी सोलायचा.