गुडघ्याची झीज आणि ड जीवनसत्त्वाची पुडी

गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, थोपवण्यासाठी ड जीवनसत्त्व घेण्याची प्रथा इतकी रुळली आहे की तिचे कारण सहसा कोणी विचारत नाही. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा दुधात ढवळून प्यायची. डॉक्टरांनी लिहून दिलेली असते आठ आठवड्यांपुरती. पण ‘गुडघ्याला बरे वाटते’ म्हणून ती वर्षभर चालते आणि शेजारणीलाही सुचवली जाते. रक्तात कमतरता असलेल्याला ही पुडी द्यायलाच हवी. झिजलेल्या कूर्चेवरचा उपाय म्हणून मात्र तिच्यामागे भक्कम पुरावा कधीच नव्हता. जो होता तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होता.

हाडे आणि ड जीवनसत्त्व यांच्या नात्याबद्दल वाद नाही. १९१९ च्या सुमारास मेलनबी यांचे कुत्र्याच्या पिलांवरचे प्रयोग, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांनी बरी केलेली मुले, विंडाउस यांचे १९२८ चे नोबेल आणि मुडदुसावर मिळालेला ताबा हा सगळा पाठ्यपुस्तकातला भाग झाला. कूर्चा म्हणजे हाड नव्हे. पण ती हाडावरच बसलेली असते, आणि खालचे हाड कमकुवत असेल तर तिची झीज लवकर होत असावी, हा तर्क सयुक्तिक होता.

त्या तर्काला बळ मिळाले १९९६ मध्ये. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून हृदयरोगाचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातील ५५६ जणांच्या गुडघ्यांचे काही वर्षांच्या अंतराने काढलेले एक्स-रे टिमथी मॅकअलिंडन आणि सहकाऱ्यांनी तपासले. ज्यांचे गुडघे आधीच झिजू लागले होते, त्यांच्यापैकी ड जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांत झीज वाढण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. निरोगी गुडघ्यात नव्याने झीज सुरू होण्याशी मात्र या जीवनसत्त्वाचा तसा संबंध दिसला नाही. निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग जगभर पोचला. दुसऱ्याची आठवण फारशी कोणी ठेवली नाही.

तेच मॅकअलिंडन १७ वर्षांनी, २०१३ मध्ये, पुन्हा समोर आले. या वेळी त्यांनी बोस्टनमधील १४६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला रोज २,००० युनिट, तेही रक्तातील पातळी मिलिलिटरमागे ३६ नॅनोग्रॅमच्या वर जावी म्हणून गरजेप्रमाणे वाढवत. दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. दोन वर्षांनी एमआरआय झाले. औषधाच्या गटात कूर्चेचे आकारमान ४.३० टक्के घटले होते, दुसऱ्या गटात ४.२५ टक्के.

‘आधी उपयोगी म्हणाले, आता निरुपयोगी म्हणतात, डॉक्टरांचे काय खरे!’ असा या दोन अभ्यासांचा अर्थ सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे. २०१३ ने १९९६ चे निरीक्षण खोडले नाही, प्रश्न बदलला. पातळी कमी असलेल्यांचे गुडघे अधिक झिजतात का, हा पहिला प्रश्न. पातळी वाढवली तर झीज मंदावते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसऱ्याचेही ‘हो’ ठरत नाही. गुडघे दुखणारा माणूस घराबाहेर कमी पडतो, त्याला ऊन कमी मिळते. वजन जास्त असेल तर हे जीवनसत्त्व चरबीत साठते, रक्तात कमी दिसते, आणि तेच वजन गुडघ्यावरही पडते. संशोधक वजन आणि हालचाल हिशेबात धरतात, पण असे सगळेच धागे आकडेमोडीने सुटे होत नाहीत. कमी पातळी ही झिजेचे कारण न ठरता तिची सोबतीण असू शकते. ते ठरवायला वाटणी करूनच पाहावे लागते.

त्याच चाचणीत वेदना दोन्ही गटांत कमी झाल्या, निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांतही. पुडीवरचा विश्वास येथेच उलगडतो. गुडघेदुखी चढत-उतरत राहते, आणि माणूस उपाय सुरू करतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. पुढच्या महिन्यांत ते उतरणारच असते. श्रेय पुडीला मिळते.

नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी हेच सांगितले: होबार्ट-मेलबर्नमधील ४१३ रुग्णांची आणि ब्रिटनमधील ४७४ रुग्णांची, दोन्ही २०१६ च्या. ऑस्ट्रेलियातील रुग्ण पातळी कमी असलेलेच निवडले होते, त्यामुळे ‘कमतरता नसलेल्यांना दिले म्हणून गुण आला नाही’ हा बचाव उरत नाही. लखनौच्या १०७ रुग्णांच्या प्राथमिक चाचणीत वेदनेत फरक दिसला खरा, पण तो लहान होता आणि मोठ्या चाचण्यांत टिकला नाही.

रक्ततपासणीच्या अहवालावर ३० च्या खालचा आकडा ठळक छापून येतो, तिथून बरीचशी भीती सुरू होते. ही रेषा अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये आखली. त्याच सुमारास तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेकांना २० पुरेसे मानले होते. २०२४ च्या मार्गदर्शिकेत सोसायटीने स्वतःच ३० चा आग्रह सोडला. अहवाल मात्र अजून जुन्याच रेषेवर छापले जातात. मोठे डोस निरुपद्रवी असतात, हाही समज खरा नाही. झुरिकमध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना महिन्याला ६०,००० युनिट दिल्यावर, २४,००० युनिट घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात पडण्याचे प्रमाण जास्त निघाले. आधीच गुडघ्याने डळमळणाऱ्यासाठी ही क्षुल्लक बाब नव्हे.

पुडीचा खरा उपयोग होतो तो वेगळ्या आजारात. तीव्र कमतरतेने प्रौढांची हाडे मऊ पडतात, त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, दाबले की नडगी दुखते, आणि रुग्ण या सगळ्याला ‘गुडघे गेले’ म्हणतो. अशा वेळी रक्तात फॉस्फरस कमी आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आढळते. हे निदान पक्के असेल तर योग्य मात्रेने काही आठवड्यांत ते काही महिन्यांत स्पष्ट फरक पडतो. दोन्ही आजार एकत्र असलेल्या रुग्णात हाडांचे दुखणे जाते आणि मांड्यांत ताकद येते. कूर्चेची झीज होती तशीच राहते, आणि तिच्यासाठी वजन घटवणे व मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हेच उपाय उरतात.