उष्टावणानंतर

उष्टावणाच्या दिवशी देवळात जी लगबग चालते ती आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. चांदीची वाटी, मामाची मांडी, खिरीचे पहिले बोट. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या मुखी अन्न पडावे असे आपल्या संस्काराने ठरविले आणि आजचे वैद्यकही तेच सांगते, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्या वाटीत काय पडते हे पाहू गेल्यास तो अभिमान बराच ओसरतो. पेजेची निवळ आणि वरणावरचे पाणी! डाळ तळाशी राहते. ती मोठी माणसे जेवतात. "पचायला हलके" या भाबड्या मायेने हे घडते. इवलेसे पोट पाण्याने भरते, मूल रडत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याची उंची खुंटते.

हे खुंटणे सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. "आजोबांच्या अंगलटीवर गेला" असे म्हणून आपण मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची जी मानके प्रसिद्ध केली, त्यांसाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली येथील सुस्थितीतील मुले मोजली होती. पहिल्या पाच वर्षांत ती जवळजवळ सारखीच वाढतात असे दिसून आले. तेव्हा सगळा भार वंशावर टाकण्याची सोय उरलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गोमंतकात पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा २०.१ होते, ते २०१९-२१ मध्ये २५.८ झाले. गोव्यासारख्या सुखवस्तू प्रदेशात!

तर मग आईबापांना शिकवावे, हे उघड आहे. पण शिकविणे आणि दोष देणे यांत अंतर किती? पहाटे मजुरीस जाऊन दिवेलागणीला परतणाऱ्या बाईला आम्ही सांगणार की, चमच्यावर टिकेल इतका घट्ट मऊ भात, कुस्करलेले मूग, वर तेलाची धार, चालत असल्यास अंडे किंवा मासळी, हे दिवसातून तीन वेळा भरव. ती मान डोलावील आणि अपराधी होऊन घरी जाईल. दारिद्र्य तिचे, आता पापही तिचेच. म्हणून काही सहृदय माणसे म्हणतात, आधी अन्न द्या, उपदेश राहू द्या. त्यांच्या बोलण्यातील पहिला अर्धा भाग आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. दुसरा नाही. त्याच घरात, त्याच भांड्यातली डाळ वरून न ओतता तळातून काढावी, यास दमडीही पडत नाही. हे तिला उमगणार नाही असे आपणच ठरवून गप्प बसणे ही दया नव्हे, अवहेलना आहे.

मात्र शिकवायचे कोणाला? अशा एका सभेला आम्ही देवळाच्या सभामंडपात उपस्थित होतो. चटईवर तरुण माता, बाहेर कट्ट्यावर पुरुष सुपारी कातरीत बसलेले. सांगणाऱ्या बाईंचे बोलणे संपल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "हे सगळे आमच्या सासूबाईंना सांगाल का? पळी त्यांच्या हातात असते." पुढच्या सभेचे बोलावणे आम्ही घरातील वडीलधाऱ्यांच्या नावे धाडले. कट्ट्यावरचे तिघे उठून आत आले. बाकीचे अजून बाहेरच आहेत.