दुसऱ्याचा ‘मी’

इंग्लंडमधल्या वृद्धनिवासांत प्रत्येक रहिवाशासाठी काळजीचा आराखडा लिहावा लागतो. २०१४च्या नियमावलीतला नववा नियम म्हणतो, काळजी त्या व्यक्तीच्या गरजा आणि पसंती पाहून ठरावी. म्हणून पुष्कळ आराखडे प्रथमपुरुषी असतात (नियमात तसं म्हटलेलं नाही): ‘मला सकाळी उशिरा उठायला आवडतं.’ लिहिणारा हात कर्मचाऱ्याचा.

भाषांतरात मीही परका ‘मी’ लिहिते. पण माझ्यापुढे मूळ संहिता असते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींचा ‘मी’ कशाशी ताडायचा? समजा, जन्मभर शाकाहारी असलेल्या आजी आता शेजारणीच्या ताटातला मासा आवडीने खातात. मुलाला ते बघवत नाही. २००५चा मानसिक क्षमता कायदा पूर्वीच्या आणि आताच्या, दोन्ही इच्छा विचारात घ्यायला सांगतो; जास्त वजन कशाला, ते सांगत नाही. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी पूर्वीच्या व्यक्तीला झुकतं माप दिलं. मला ते पुरतं पटत नाही. मासा खाताना खुललेला चेहराही आजींचाच आहे. तरी ‘मला मासे आवडतात’ असं मी लिहिणार नाही. त्यात मुलाची हरकत बुजते आणि लिहिणाऱ्याचा निवाडाही. सरळ तृतीयपुरुषी लिहावं: मुलगा असं सांगतो, मंगळवारी आजींनी असं केलं, तूर्त आम्ही असं ठरवलं आहे. खाली सही आणि तारीख.