कागदास पडलेली घडी



एक चौकोनी कागद घ्यावा, त्यास कातर लावूं नये, खळ लावूं नये, आणि केवळ घड्या घालून त्याचें फूल करावें, ही कला जपान देशांतील लोकांनीं शेंकडों वर्षें जोपासली आहे. तिला ते ओरिगामी म्हणतात. 'ओरि' म्हणजे घडी आणि 'कामि' म्हणजे कागद. ही कला मुलांच्या करमणुकीची म्हणून आम्ही आरंभीं तिच्याकडे पाहिलें. परंतु एका लहान मुलानें तिच्याविषयीं आम्हांस असा एक प्रश्न विचारला कीं, त्याचें खरें उत्तर सांपडेपर्यंत आमच्या मनास स्वस्थता लाभली नाहीं. तो प्रश्न व आमचें चुकलेलें उत्तर आज वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

पावसाळ्यांतील एका रविवारीं दुपारीं, बाहेर पाऊस थांबेना म्हणून आम्ही गांवांतील मुलांस जमवून लिलीचें फूल करावयास शिकवीत होतों. या फुलाची रीत अशी आहे. प्रथम कागद मधोमध उभा व आडवा दुमडावयाचा, मग कोपऱ्यास कोपरा लावून दोन्ही तिरप्या घड्या घालावयाच्या, आणि प्रत्येक घडी घालून झाली कीं ती पुन्हां उलगडावयाची. मग त्या रेघांवरून कागद आंत ओढला म्हणजे मूळच्या चौथाईएवढा लहान चौकोन होतो व त्याला चार पदर येतात. प्रत्येक पदर उघडून दाबावयाचा, त्याच्या कडा मध्यरेषेस भिडवावयाच्या, त्या पुन्हां सोडावयाच्या, आणि मग मधला भाग वर उचलून बसवावयाचा. हें सर्व चार वेळां करावें लागतें. शेवटीं निमुळतीं टोंकें खालीं ओढून पेन्सिलीवर गुंडाळलीं कीं फूल उमलतें. शेतांत किंवा बागेंत वाढणाऱ्या लिलीस सहा पाकळ्या असतात; या फुलास मात्र चारच, कारण कागदास कोपरे चार. जें कागदापाशीं आहे त्यांतूनच फूल होतें. वरून कांहीं येत नाहीं व कांहीं कापून टाकिलें जात नाहीं.

नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा घाईनें घडी घालतां घालतां चुकला. घडी तिरपी गेली, आणि जेथें पुढें पाकळी यावयाची तेथें नेमकी आडवी रेघ पडली. त्यानें ती नखानें घांसली, मोठ्या पुस्तकाखालीं दाबली, शेवटीं त्या पुस्तकावर स्वतः बसून पाहिलें. मग आमच्याकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, ही रेघ कधीं जाईल?" दुसरा कागद शिल्लक नव्हता, आणि मुलाचे डोळे भरून आले होते. आम्ही म्हणालों, "जाईल रे. आठवडाभर दाबून ठेव." पुढील रविवारीं तो तोच कागद घेऊन आला. "गेली नाहीं," एवढेंच तो बोलला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. परंतु आम्हीं जें सांगितलें होतें तें खरें नव्हतें, हें त्यास कळलें होतें व आम्हांसही.

कागदाची रेघ जात नाहीं, याला कारण आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंचा एकमेकांस धरून बसलेला थर. जेथें घडी दाबून घालावी तेथें कित्येक तंतू कायमचे वांकतात, व त्यांचे एकमेकांशीं असलेले बंध तुटतात. वर वजन ठेवा, इस्त्री फिरवा, कागद सपाट होईल. परंतु उजेडांत तिरपा धरला कीं रेघ दिसेल. मग आमच्या मनांत आलें कीं, हा कागदाचा दोषच नव्हे काय? चूक झाली तर ती विसरून जाणारा कागद असता तर किती बरें झालें असतें!

वाचकहो, याच ठिकाणीं थांबून विचार करावा. ज्या वस्तूवर घडी राहत नाहीं अशा वस्तु आपल्या घरांत आहेत. रबराचा तुकडा दुमडा, हात सोडतांच तो पूर्ववत् होतो. कोणतीही चूक त्याच्यावर उरत नाहीं. म्हणूनच त्याचें फूलही होत नाहीं. कागदाच्या ज्या गुणामुळें चुकीची रेघ राहते, त्याच गुणामुळें पाकळी राहते. वर सांगितलेल्या रीतींत पहिल्या चार घड्या घालून लागलीच मोडल्या जातात. शिकणाऱ्यास वाटतें, हे श्रम फुकट गेले. तसें नाहीं, पुढें सर्व कागद त्याच रेघांवरून आपला मार्ग शोधतो. विसरणारा कागद चूक विसरेल, आणि शिकवणही विसरेल. एक ठेवा व दुसरें पुसा, अशी मागणी कागदापाशीं करितां येत नाहीं.

या गुणावर थोर शिक्षकांनीं फार विश्वास टाकला. जर्मनींतील फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) हे एका पाळकाचे पुत्र. त्यांनीं १८३७ सालीं ब्लँकेनबर्ग येथें लहान मुलांची शाळा काढिली व १८४० सालीं तिला किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. तींत मुलांच्या हातीं दिलेल्या उद्योगांत कागदाच्या घड्या होत्या. १८७६ सालीं टोकियो येथें जपानांतील पहिलें सरकारी बालोद्यान निघालें, आणि फ्रोबेलची रीत घड्यांच्या माहेरीं जाऊन पोहोंचली. आपल्या देशांतही टी. सुंदर राव यांनीं त्याच बालोद्यानाच्या कागदांवरून सूचना घेऊन घड्यांनीं भूमिति शिकविणारें पुस्तक १८९३ सालीं मद्रास येथें प्रसिद्ध केलें. मुलाच्या हातून पडलेली रेघ कागदावर राहते, म्हणून त्यास आपण काय केलें तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येतें. पाटीवरचें चुकलेलें तो पुसून टाकतो. कागदावरचें त्यास पाहावेंच लागतें.

आतां आमच्या दुसऱ्या चुकीकडे येऊं. त्याच दिवसांत एका घरीं आमचें जाणें झालें. कोणास ओळख पटूं नये म्हणून गांव सांगत नाहीं. त्या घरच्या पुरुषानें पूर्वी दारूपायीं कणगींतलें धान्य परस्पर विकलें होतें. पोरें उपाशी निजलीं होतीं. पुढें त्यानें दारू सोडिली, व त्यास दोन वर्षें होऊन गेलीं होतीं. बायको त्याच्याशीं नीट बोले, त्याची भाकर प्रेमानें वाढी. परंतु धान्याच्या खोलीची किल्ली तिनें आपल्या कमरेचीच ठेविली. त्या माणसानें आमच्यापाशीं गाऱ्हाणें केलें. आम्हीं त्या बाईस सांगितलें, "झालें गेलें गंगेला मिळालें. क्षमा केली ना? मग विसरून जा." ती खालीं मान घालून म्हणाली, "पाळकसाहेब, राग कवाच गेला. पर किल्ली देतांना हात मागं येतो, त्याला मी काय करूं?" तिची क्षमा अपुरी आहे असें मनांत धरून आम्ही घरीं आलों.

मुलाच्या कागदानें आमची चूक आमच्या पदरीं घातली. 'दाबून ठेव म्हणजे जाईल' हेंच आम्हीं त्या बाईसही सांगितलें होतें. क्षमा म्हणजे रेघ पुसणें नव्हे. जिला आठवतच नाहीं तिला क्षमा करण्याचें कारणच काय? रेघ दिसत असतां जो कागद फेकून देत नाहीं, त्यानेंच क्षमा केली असें म्हणावें. आणि विश्वास ही निराळी घडी आहे. ती एका दाबानें बसत नाहीं. संसाराची घडी विस्कटली, असें आपण म्हणतों; ती पुन्हां बसते तीही हळूहळू, एकेक कड जुळवीत.

येथें कोणी म्हणेल, माणूस म्हणजे कागद नव्हे. कागद आपली घडी आपण घालीत नाहीं. माणूस घालतो, म्हणून त्यास जाब आहे. हें अगदीं खरें. म्हणूनच या दृष्टांताचा आधार घेऊन कोणी 'माझ्यावर रेघ पडली, मी काय करूं?' असें म्हणूं नये. एक गोष्ट मात्र कागद माणसासही शिकवितो. पडलेली रेघ पुसत नसली तरी ती उलट्या बाजूस वळते. किंबहुना कोऱ्या जागेपेक्षां त्या जागीं कागद सहज वळतो. जो ज्या ठिकाणीं पडला तें ठिकाण तो ओळखतो, आणि दुसऱ्यास तेथें सांवरूं शकतो. परंतु याही गोष्टीस मर्यादा आहे. कागद एकाच रेघेवर पुढें-मागें किती वेळां दुमडला म्हणजे तुटतो, हें मोजण्याचीं यंत्रें आहेत. जो आज पश्चात्ताप करतो व उद्यां त्याच जागीं पुन्हां दुमडतो, त्यानें तुटण्याची भीति बाळगावी. आणि ज्याच्या संसारावर तो दुमडतो त्याचीही.

आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों व त्या बाईपुढें आपला शब्द मागें घेतला. तिच्या नवऱ्यास सांगितलें, "किल्ली मागूं नका. ती तुमच्या हातीं येण्याजोगे दिवस भरूं द्या." तो कांहीं बोलला नाहीं. त्यास तें रुचलें असें आम्ही म्हणणार नाहीं. पुढें सुगीच्या वेळीं आम्ही तेथें गेलों तेव्हां बाई खोलीचें दार उघडून उभी होती, आणि तो पोतें खांद्यावर घेऊन आंत जात होता. किल्ली अजून तिच्याच कमरेला होती.

त्या मुलासही आम्हीं खरें काय तें सांगितलें: "बाळ, मी चुकलों. ती रेघ जावयाची नाहीं." मग दोघांनीं मिळून कागद पूर्ण उलगडला, त्याची बाजू बदलली, व पहिल्यापासून घड्या घातल्या. ती आडवी रेघ बरीचशी आंत गेली; एका पाकळीवर तिचें टोंक मात्र दिसत राहिलें. मुलानें तें फूल उजेडास धरून पाहिलें आणि विचारलें, "हें आईला दिलें तर चालेल?" आम्ही म्हणालों, चालेल.